1940चा फ्रान्स समजून घेताना: पराभव, शस्त्रसंधी आणि हातमिळवणी वेगळी करण्याची रीत

दुसऱ्या महायुद्धातल्या फ्रान्सबद्दल आपल्याकडे एक वाक्य फार चालतं: फ्रेंच आपसांत भांडत बसले, म्हणून सहा आठवड्यांत हरले, आणि हरल्यावर जर्मनांना जाऊन मिळाले. हे वाक्य कुठून आलं ते आधी पाहा. 20 जून 1940 रोजी, चार दिवसांपूर्वी सरकारप्रमुख झालेल्या मार्शल पेतँ यांनी रेडिओवरून देशाला पराभवाची कारणं सांगितली. मुलं कमी, शस्त्रं कमी, मित्रदेश कमी, आणि लोकांत त्यागापेक्षा उपभोगाची वृत्ती जास्त. या यादीत सेनापतींचं नाव कुठेच नव्हतं. ‘भांडले म्हणून हरले’ हा इतिहासाचा निष्कर्ष होण्याआधी एका सरकारचा प्रचार होता, आणि त्या सरकारला त्याची गरज होती.

म्हणून अभ्यासाची सुरुवात हे वाक्य तोडण्यापासून करायची. त्यात चार वेगळ्या घटना एकाच माळेत ओवल्या आहेत: लष्करी पराभव, शस्त्रसंधी, सत्तापालट आणि हातमिळवणी. चारही ठिकाणी निर्णय घेणारी माणसं वेगळी होती, तारखा वेगळ्या होत्या, आणि प्रत्येक वेळी दुसरी वाट समोर होती. ही रीत विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि या विषयावर लिहिणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आधी शब्द नक्की करा

मराठीत लिहिताना सर्वांत मोठा घोळ शब्दांमुळे होतो. ‘फ्रान्सने शरणागती पत्करली’ असं सर्रास छापलं जातं. 22 जून 1940 रोजी जी झाली ती शस्त्रसंधी होती, आणि हा फरक केवळ शब्दांचा नाही. शरणागती फक्त सैन्याची असते. सेनापती सही करतो, सरकार मोकळं राहतं आणि परदेशातून लढाई चालू ठेवू शकतं. हॉलंडमध्ये मे 1940 मध्ये हेच झालं: सैन्याने शस्त्रं ठेवली, राणी आणि मंत्रिमंडळ लंडनला गेलं. पंतप्रधान रेनो यांनी जूनमध्ये हाच मार्ग सुचवला होता. सरसेनापती व्हेगाँ यांनी तो धुडकावला, कारण त्यात पराभवाचा डाग सैन्यावर लागत होता. शस्त्रसंधी हा राज्याने राज्याशी केलेला करार. त्यात सही सरकारच्या वतीने होते आणि सरकार त्या करारात बांधलं जातं. ‘शरणागती’ हा शब्द वापरलात की जूनमधला सगळा वाद वाचकाच्या नजरेआड होतो.

दुसरा शब्द ‘कोलाबोरासियाँ’, म्हणजे जिंकून आलेल्या जर्मनांशी हात मिळवून काम करणं. याला ‘सहकार’ म्हणू नका. मराठी माणसाच्या मनात सहकार म्हटलं की साखर कारखाना, पतपेढी, दूधसंघ येतो. ‘सहकार्य’ फार सौम्य आहे, तरी एका जागी तो योग्य बसतो: शस्त्रसंधीच्या तिसऱ्या कलमात, जिथे व्याप्त, म्हणजे जर्मन सैन्याने ताबा घेतलेल्या, भागातल्या फ्रेंच प्रशासनाने जर्मन लष्करी अधिकाऱ्यांशी नीट सहकार्य करावं असं लिहिलं आहे. बाकी ठिकाणी ‘हातमिळवणी’ चांगला. ‘फितुरी’ हा आपला जुना, धारदार शब्द, पण तो निवाडा आहे. तपास पूर्ण होईपर्यंत राखून ठेवा. पहिल्याच ओळीत ‘फितूर’ लिहिलं की पुढे शोधायला काही उरत नाही.

‘प्रेफे’ हा शब्द सतत येईल. तो केंद्राने नेमलेला जिल्हाप्रमुख, साधारण आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा, पण पोलिसांवर आणि राजकीय माहितीवर त्याचा हात जास्त. व्हिशी राजवट, म्हणजे व्हिशी गावातून चाललेलं पेतँ यांचं सरकार, समजते ती या माणसाच्या टेबलावरून.

नकाशा: पाच रंग लागतील

त्या काळच्या जिल्ह्यांच्या, म्हणजे देपार्तमाँच्या, हद्दी दाखवणारा फ्रान्सचा कोरा नकाशा घ्या. दोन रंगांत काम उरकू नका. ‘व्याप्त’ आणि ‘मुक्त’ असे दोनच भाग दाखवणारे नकाशे पुस्तकांत भरपूर आहेत, आणि त्यांच्यामुळेच पुढच्या चुका होतात.

पहिला रंग व्याप्त भागाला: उत्तरेकडचा प्रदेश, पॅरिस आणि स्पेनच्या सीमेपर्यंतचा सगळा अटलांटिक किनारा, मिळून देशाचा साधारण तीन पंचमांश. दुसरा व्हिशी सरकारच्या ताब्यातल्या दक्षिण भागाला. तिसरा नोर आणि पा-द-काले या दोन जिल्ह्यांना, कारण त्यांचा कारभार ब्रुसेल्सच्या जर्मन लष्करी मुख्यालयाला जोडला होता. चौथा अल्सास आणि मोझेल यांना. करारात त्यांचा उल्लेखही नाही, तरी जर्मनीने ते आपल्यातच घेतले आणि ऑगस्ट 1942 पासून तिथल्या तरुणांना जर्मन सैन्यात सक्तीने भरती केलं. पाचवा आग्नेयेला इटलीने घेतलेल्या पट्टीला. व्याप्त भाग आणि व्हिशीचा दक्षिण भाग यांच्यामधली सीमारेषा सुमारे 1,200 किलोमीटर लांब होती आणि तेरा जिल्हे चिरत जात होती. ओलांडायला परवाना लागे. पत्रंसुद्धा सुरुवातीला जात नव्हती, नंतर छापील मजकुराची कार्डं आली, ज्यात नको ते शब्द खोडायचे असत.

नकाशावर पेन्सिलने दोन तारखा लिहा. 11 नोव्हेंबर 1942: जर्मन सैन्य दक्षिणेत शिरलं, सगळा देश व्यापला गेला. 27 नोव्हेंबर 1942: तूलाँ बंदरात फ्रेंच आरमाराने आपली जहाजं स्वतःच बुडवली. या तारखांच्या आधी दक्षिणेत जे झालं ते जर्मन सैनिक समोर नसताना झालं. हे एवढं लक्षात ठेवलंत तर अर्धी कामगिरी फत्ते.

पहिली गाठ: मैदानावरचा पराभव

इथे विचारायचा प्रश्न एकच: राजकीय फूट नसती तरी हे असंच झालं असतं का? प्रत्येक कारणाला हीच कसोटी लावा.

फूट होती, खरीच होती. 6 फेब्रुवारी 1934 रोजी पॅरिसमध्ये उजव्या संघटनांचा मोर्चा संसदेकडे निघाला, गोळीबार झाला, माणसं मेली. 1936 मध्ये डाव्यांची आघाडी निवडून आली, ब्लूम पंतप्रधान झाले, आठवड्याला 40 तास काम आणि दोन आठवड्यांची पगारी सुट्टी आली. मालकवर्ग हे विसरला नाही. ऑगस्ट 1939 मध्ये हिटलर-स्टालिन करार झाला, सप्टेंबरात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. मार्च 1940 मध्ये रेनो यांचं सरकार संसदेत एका मताच्या बहुमताने तगलं.

आता मे महिन्याकडे या. व्हेगाँ यांच्याआधीचे सरसेनापती गामलँ यांनी आपलं राखीव सातवं सैन्य बेल्जियम ओलांडून हॉलंडमधल्या ब्रेडाच्या दिशेने पाठवायचं ठरवलं होतं. 10 मे रोजी हल्ला झाला तेव्हा ते तसं गेलं, आणि म्यूज नदीवर मदतीला धावायला मागे काही उरलं नाही. आर्देनच्या जंगलातून रणगाडे येणार नाहीत, आले तरी दिवस लागतील, असा हिशेब होता. 13 मे रोजी जर्मन पायदळाने सदाँजवळ नदी ओलांडली. समोर वयाने मोठ्या राखीव सैनिकांची, अपुऱ्या विमानविरोधी तोफांची डिव्हिजन होती आणि दिवसभर वरून बॉम्ब पडत होते. फ्रेंच रणगाडे संख्येने कमी नव्हते, काहींचं चिलखत जर्मनांपेक्षा जाड होतं. ते मात्र बहुतांशी पायदळाला वाटून दिलेले होते आणि अनेकांत रेडिओच नव्हता. गामलँ यांच्या व्हाँसेनच्या किल्ल्यातल्या मुख्यालयातही रेडिओ नव्हता. हुकूम फोनवरून आणि मोटारसायकलस्वारांकडून जात.

यातल्या कोणत्या गोष्टीला 40 तासांचा आठवडा जबाबदार आहे? ब्रेडाच्या बेताला नाही, आर्देनच्या अंदाजाला नाही, रेडिओच्या अभावाला नाही. युद्ध सुरू झाल्यावर शस्त्रांच्या कारखान्यांत कामाचे तास वाढवलेही होते. कम्युनिस्ट कामगारांनी घातपात केल्याची सिद्ध झालेली प्रकरणं मोजकी आहेत. या पहिल्या गाठीत फुटीचं वजन कमी भरतं. तिचं खरं वजन दुसऱ्या गाठीत जाणवतं.

दुसरी गाठ: 16 ते 25 जून

हे नऊ दिवस तासातासाने मांडा. वहीत तीन रकाने करा: काय झालं, कोण निर्णय घेत होतं, दुसरी वाट कोणती होती.

सरकार 10 जूनला पॅरिसमधून निघालं, तूरच्या आसपासच्या हवेल्यांत थांबलं आणि बोर्दोला पोहोचलं. रस्त्यावर लाखो निर्वासित होते. 16 जूनच्या संध्याकाळी रेनो यांनी राजीनामा दिला आणि पेतँ आले. पेतँ बाहेरून आलेले नव्हते, 18 मे रोजी रेनो यांनीच त्यांना उपपंतप्रधान केलं होतं. 17 जूनला दुपारी पेतँ रेडिओवर म्हणाले की लढाई थांबवली पाहिजे. तोवर कोणताही करार झालेला नव्हता, जर्मनांची उत्तरंसुद्धा आली नव्हती. अनेक तुकड्यांनी हे ऐकून शस्त्रं टाकली. एकूण सुमारे 18 लाख फ्रेंच सैनिक कैद झाले, आणि त्यातला मोठा भाग या भाषणानंतरचा आहे. 18 जूनला जनरल द गॉल लंडनहून रेडिओवर बोलले: लढाई चालू ठेवा. 21 जूनला ‘मासिलिया’ जहाज उत्तर आफ्रिकेकडे निघालं. त्यावर दालादिए, माँदेल, माँदेस-फ्राँस, झाँ झे असे लढाई चालू ठेवू पाहणारे खासदार होते. ते कासाब्लांकाला पोहोचले तेव्हा त्यांना पळपुटे ठरवण्यात आलं. 22 जूनला कोंपिएन्यच्या जंगलात, 1918 मध्ये हरलेल्या जर्मनीने ज्यात शस्त्रसंधीवर सही केली त्याच रेल्वे डब्यात सही झाली. करार लागू झाला 25 जूनच्या पहाटे, इटलीशीही सही झाल्यावर.

इथे तारखेची चूक हमखास होते. सहीची तारीख आणि लागू होण्याची तारीख वेगवेगळी नोंदवा.

कराराची 24 कलमं आहेत, सगळी वाचा, वेळ लागत नाही. कलम 19 ने जर्मनी मागेल त्या जर्मन निर्वासितांना हवाली करायचं बंधन घातलं, म्हणजे हिटलरपासून पळून फ्रान्समध्ये आसरा घेतलेल्यांना. कलम 20 ने युद्धकैदी तह होईपर्यंत जर्मनीतच राहणार होते. ‘तह लवकरच होईल, इंग्लंड काही आठवड्यांत कोसळेल’ हा अंदाज या सगळ्याच्या तळाशी आहे. तो चुकला आणि तात्पुरता करार चार वर्षं चालला. व्याप्तीचा खर्च पुढे दिवसाला 40 कोटी फ्रँक ठरला, आणि एक मार्क म्हणजे 20 फ्रँक असा दर लादून जर्मन सैनिकाला फ्रेंच दुकान स्वस्त करून दिलं.

तिसरी गाठ: कसिनोतलं मतदान

10 जुलै 1940, व्हिशी गावचा ग्राँ कसिनो. पेतँ यांना नवं संविधान करण्याचे सर्वाधिकार देणाऱ्या ठरावाला 569 मतं बाजूने, 80 विरोधात. हे आकडे देताना तीन गोष्टी सोबत द्या, नाहीतर आकडा खोटं बोलतो. कम्युनिस्ट खासदारांचं सदस्यत्व जानेवारीतच काढून घेतलं होतं. मासिलियावरचे खासदार आफ्रिकेत अडकले होते. आणि 3 जुलैला ब्रिटिश आरमाराने मेर्स-एल-केबीर बंदरात फ्रेंच जहाजांवर मारा करून 1,297 खलाशी मारले होते, त्याचा संताप सभागृहात होता.

‘होय’ म्हणणाऱ्यांत 1936 च्या डाव्या आघाडीचे कितीतरी खासदार होते. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत सर्वांत मोठा गट समाजवाद्यांचा होता. एकच पक्ष दोन्हीकडे. म्हणून ‘उजवे तिकडे, डावे इकडे’ अशी वाटणी करू नका. पुढेही ती टिकत नाही: हातमिळवणीचा कडवा पुरस्कर्ता दोरिओ आधी कम्युनिस्ट होता, देआ समाजवादी. उलट प्रतिकाराच्या पहिल्या हुतात्म्यांत द’एस्तिएन द’ऑर्व्ह हा कॅथलिक, राजेशाहीवादी घराण्यातला नौदल अधिकारी आहे.

चौथी गाठ: हातमिळवणी, आणि पुढाकाराची कसोटी

24 ऑक्टोबर 1940 रोजी मोंत्वार स्टेशनवर पेतँ हिटलरला भेटले, 30 ऑक्टोबरला रेडिओवर म्हणाले की आपण हातमिळवणीच्या वाटेवर पाऊल ठेवत आहोत. शस्त्रसंधीला चार महिने झाले होते. करारात हे नव्हतं. हा वेगळा, नवा निर्णय होता.

प्रत्येक कृत्याला तीन प्रश्न विचारा. जर्मनांनी हे मागितलं होतं का? मागितलं त्याहून जास्त दिलं का? नाही म्हणणाऱ्याचं काय झालं?

पहिल्या प्रश्नाचं ठळक उदाहरण 3 ऑक्टोबर 1940 चा ज्यूंविषयीचा कायदा. त्याने ज्यूंना सरकारी नोकरी, शिक्षण, वृत्तपत्रं, सिनेमा यांतून हाकललं. व्हिशीने तो स्वतःहून केला, दक्षिणेतही लागू केला. दुसऱ्याच दिवशीच्या कायद्याने परदेशी ज्यूंना छावणीत डांबायचा अधिकार प्रेफेंना मिळाला. दुसऱ्या प्रश्नाला 1942 चा उन्हाळा पाहा. 16 आणि 17 जुलैला पॅरिस परिसरात फ्रेंच पोलिसांनी सुमारे 13,000 ज्यूंना पकडलं, त्यात चार हजारांवर मुलं होती. सोळा वर्षांखालच्या मुलांची मागणी जर्मनांनी तेव्हा केलेली नव्हती. त्यांनाही पाठवावं हे व्हिशीचे तेव्हाचे सरकारप्रमुख लाव्हाल यांनी सुचवलं. 26 ऑगस्टला दक्षिणेत, जिथे एकही जर्मन तुकडी नव्हती, साडेसहा हजारांच्या आसपास परदेशी ज्यू पकडून सीमारेषेपलीकडे जर्मनांच्या हवाली केले. आता नकाशावरच्या त्या पेन्सिलच्या तारखेचा उपयोग कळेल.

‘व्हिशीने फ्रेंच ज्यूंना वाचवलं’ हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. फ्रान्समधून सुमारे 76,000 ज्यू पाठवले गेले, सुमारे 2,500 परतले. तीन चतुर्थांश वाचले हे खरं. ते शेतकऱ्यांनी, धर्मगुरूंनी, मदतसंस्थांनी, शेजाऱ्यांनी लपवल्यामुळे, काही कॅथलिक बिशपांनी उघड निषेध केल्यामुळे, आणि स्वतः ज्यूंनी धडपड केल्यामुळे वाचले. वाचलेल्यांचं श्रेय पकडणाऱ्यांच्या खात्यात टाकणं हा अभ्यासातला सर्वांत गंभीर दोष आहे.

तिसऱ्या प्रश्नासाठी 1941 मधली पेतँनिष्ठेची शपथ घ्या. न्यायाधीशांपैकी पॉल दिदिए या एकाच माणसाने ती नाकारली. त्याला पदावरून काढून स्थानबद्ध केलं. ‘नाही म्हणता येत नव्हतं’ असं कुणी लिहिलं की हे नाव समोर ठेवा, आणि किंमतही सांगा.

सगळी हातमिळवणी एका मापाची नव्हती. राज्य चालवणाऱ्यांची एक, पॅरिसमध्ये बसून व्हिशीलाच मवाळ ठरवणाऱ्या नाझीप्रेमी पुढाऱ्यांची आणि पत्रकारांची दुसरी. कारखानदारांची तिसरी. 1943 च्या जानेवारीत स्थापन झालेली मिलीस ही दारनाँची निमलष्करी संघटना फ्रेंचांवरच बंदूक धरत होती. आणि फेब्रुवारी 1943 च्या सक्तीच्या कामगार भरतीने जर्मनीत नेलेला विशीतला पोरगा यापैकी कशातच बसत नाही. तो सक्तीने नेलेला कामगार आहे. त्याच्या वयाचे दुसरे जंगलात पळाले आणि तिथून मॅकी, म्हणजे रानात लपून लढणाऱ्या प्रतिकाराच्या, टोळ्या वाढल्या.

माणूस तपासताना तारीख आधी, मत नंतर

प्रत्येकासाठी अर्ध्या पानाचा तक्ता करा: जून 1940, ऑक्टोबर 1940, जून 1941, नोव्हेंबर 1942, फेब्रुवारी 1943, आणि पॅरिस मुक्त झालं तो ऑगस्ट 1944. प्रत्येक तारखेला हा माणूस कुठे होता, कोणत्या रंगाच्या भागात, कोणत्या पदावर? कम्युनिस्टांसाठी जून 1941 निर्णायक आहे, कारण सोव्हिएत संघावर हल्ला झाल्यावर पक्ष पूर्ण ताकदीने प्रतिकारात उतरला. त्याआधी लढलेले कम्युनिस्टही होते, त्यांना विसरू नका. व्हिशीच्या अधिकाऱ्यांसाठी नोव्हेंबर 1942 निर्णायक.

पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मित्तेराँ हे सरावाला चांगलं उदाहरण. युद्धकैदी, डिसेंबर 1941 मध्ये पलायन, मग व्हिशीच्या कार्यालयात नोकरी, 1943 मध्ये पेतँ यांचं मानचिन्ह, आणि त्याच वर्षी भूमिगत प्रतिकार. एकाच शब्दात बसवायचा प्रयत्न केलात तर तक्त्यातली निम्मी घरं खोडावी लागतील. पापों यांचा तक्ता उलट्या वाटेने जातो: 1942 पासून बोर्दोच्या प्रेफे कार्यालयात सरचिटणीस, मुक्तीनंतरही नोकरी अखंड, पॅरिसचे पोलीसप्रमुख, मंत्री, आणि 1998 मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यातल्या सहभागासाठी दहा वर्षांची शिक्षा.

आकडे आणि कागद

1940 च्या लढाईत एक लाख फ्रेंच मेले हा आकडा जुना आहे, नव्या मोजणीत तो साठ हजारांच्या आसपास येतो. कम्युनिस्ट पक्षाने युद्धानंतर आपले 75,000 लोक गोळ्या घालून मारल्याचं सांगितलं. फ्रान्समध्ये गोळ्या घालून मारलेले सर्व मिळून त्याच्या जवळपासही पोहोचत नाहीत. दुसऱ्या टोकाला, मुक्तीच्या वेळी एक लाख हातमिळवणीवाल्यांना ठार केल्याचं पेतँसमर्थक सांगत. संशोधनात हा आकडा नऊ हजारांच्या आसपास निघतो. आकड्याशेजारी तो कुणी, कधी सांगितला हे लिहायची सवय ठेवा.

कागदांनाही हेच लागू. 1945 च्या खटल्यातली साक्ष ही बचावाची भाषा आहे. पेतँ ढाल आणि द गॉल तलवार, हे चित्र त्या बचावातूनच रुजलं. ते हललं 1970 च्या दशकात, अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्सटन यांनी जर्मन कागदपत्रं वाचून व्हिशीच स्वतःहून देऊ करत होती हे दाखवल्यावर. कायदे मूळ रूपात वाचायचे तर फ्रेंच राजपत्राचे जुने अंक राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संकेतस्थळावर आहेत. 1940 ची मराठी वर्तमानपत्रं पाहणार असाल तर परदेशी बातमी ब्रिटिश वृत्तसंस्थेच्या तारेवरून आणि युद्धकालीन बंधनांतून आलेली आहे हे धरून चाला. मेर्स-एल-केबीरची बातमी तिथे फ्रेंच घरात पोहोचली तशी भेटणार नाही. पुदुच्चेरीचाही तक्ता करून पाहा: गव्हर्नर बाँव्हँ यांनी सप्टेंबर 1940 मध्ये द गॉलची बाजू धरली, तर इंडोचायना व्हिशीकडे राहिला. चहूकडून ब्रिटिश मुलुख असलेल्या वसाहतीला कोणती वाट मोकळी होती हे नकाशाच सांगतो.

शेवटी स्वतःची रीत एका अवघड प्रकरणावर घासून पाहा. 10 जून 1944 रोजी वाफेन एसएस या नाझी लष्करी दलाच्या तुकडीने ओरादूर-सुर-ग्लान गाव जाळलं, 640 हून अधिक माणसं मारली. 1953 मध्ये बोर्दोला 21 सैनिकांवर खटला चालला. त्यातले सात जर्मन, चौदा अल्सासचे, आणि त्या चौदांपैकी तेरा सक्तीने भरती केलेले. नकाशावरचा चौथा रंग पाहा, ऑगस्ट 1942 ची तारीख पाहा, तिन्ही प्रश्न विचारा. फेब्रुवारीत शिक्षा झाल्या, अल्सासमध्ये संताप उसळला, आणि आठवड्याभरात संसदेने सक्तीने भरती झालेल्यांना माफी दिली. ओरादूरने सरकारने दिलेली सन्मानपदकं परत केली, आणि त्या माफीला मत देणाऱ्या खासदारांची नावं गावाच्या अवशेषांपाशी फलकावर लावली.